बारा बाटल्या

“काकांना तुम्ही कामावरून काढलं होतं का?”

हे विचारायची माझी टाप नाही, अशी मैत्रिणींची पैज होती. म्हणून काकांचं सामान आणायला मी एकटीच त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि कपाट उघडून देणाऱ्या बाईंना थेट विचारून टाकलं. काकांना जाऊन महिनाही झाला नव्हता, पण हल्ली माझी जीभ मला विचारून चालत नाही.

बाई चिडल्या नाहीत. “काढतंय कोण? त्यांनीच सोडलं. बस.”

कुजलेल्या पानांमुळे नदीचं पाणी तपकिरी होतं आणि त्यातलं तांबं धरून ठेवतं. धरलेलं तांबं माशांना सहसा बाधत नाही, सुटं बाधतं. धरलेलं किती आणि सुटं किती, हे काका नऊ वर्षं मोजत होते. शेवटच्या बारा बाटल्या धरण भरण्याच्या आदल्या दिवशीच्या. ते पाणी आता पुन्हा मिळायचं नाही.

“आणि त्यांत ॲसिड पडलं,” बाई म्हणाल्या. “ॲसिड पडलं की धरलेलं सगळं सुटतं. मग मोजणार काय, कपाळ? एवढा मुरलेला माणूस आणि असली नवशिकी चूक. लोक हसले. त्यांनी मनाला लावून घेतलं.”

त्यांनी वही पुढे केली. काकांचं अक्षर: ‘बाराही बाटल्यांत ॲसिड. चूक माझी.’

तारीख माझ्या सुट्टीतली होती. त्या दिवशी मी काकांबरोबर इथेच प्रयोगशाळेत होते. काका फोनवर बोलायला बाहेर गेले होते. ज्या बाटल्यांत फक्त एकूण तांबं मोजायचं, त्यांत ते बाटलीला चिकटू नये म्हणून काका ॲसिडचे दोन-दोन थेंब टाकायचे, हे मी कितीदा पाहिलं होतं; या बाटल्या वेगळ्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तेवढीच मदत म्हणून मी मोजून टाकले. आत आल्यावर ते बाटल्यांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “चल बडबडे, तुला घरी सोडतो.” मला वाटलं, दमलेत.

बाईंना काही न सांगता मी वही परत दिली आणि सामान उचललं. पैज जिंकल्याचं मैत्रिणींनाही कळवलं नाही.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले.

“आता सांगून तो परत येणार आहे का?” बाबा म्हणाले. “त्यानं झाकलं ना? राहू दे झाकलेलं.”

“लोक अजून हसतात त्यांना, बाबा. मी उद्या शाळेत जाणार नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगणार आहे, आणि वहीतल्या त्या ओळीखाली माझं नाव लिहिणार आहे. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार.”