उद्धवरावांचे रुमाल

अरे ऐका ना, आपली स्वरूपा चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आयटीला लागली ना, तिच्याकडे काल काय झालं! ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि पॅकिंगचं सॉफ्टवेअर ठप्प. पॅकिंगच्या सुमनताई पेट्या स्कॅन करतायत आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय.

डिस्पॅचचे उद्धवराव आयटीच्या खोलीत घुसलेच. "ओ मॅडम, रीस्टार्ट मारा की! दर वेळी तेच करतात."

स्वरूपाला पक्कं ठाऊक, रीस्टार्ट मारलं की स्कॅन झालेल्या पण सेव्ह न झालेल्या मालाची नोंद पुसली जाणार. मग सुमनताईंच्या हाताखालच्या बायकांनी सगळ्या पेट्या उतरवून पुन्हा स्कॅन करायच्या. मागच्या वेळी याच्यापायी त्यांची बस चुकली, बिचाऱ्या हायवेपर्यंत पायी गेल्या. तेव्हाच हिनं ठरवलेलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

"नाही मारणार," ती म्हणाली. "आधी बघू दे, कोण अडवून बसलंय."

"आणि ट्रक?"

"ड्रायव्हरला चहा पाजा, काका."

तिनं ती काळी स्क्रीन उघडली, जिथं माऊस नाही, नुसत्या कमांड टाइप करायच्या. आता बघा, डेटाबेसकडे जायला कनेक्शन मोजकीच, वीस. काम झालं की परत ठेवायचं, पुढच्यानं उचलायचं. तिनं विचारलं, आत कोण कोण आहे? वीसच्या वीस भरलेली, बाहेर ही मोठी रांग! आणि आतली बहुतेक नुसती बसून, काम काहीच नाही. ती बसलेली सगळी एकाच कॉम्प्युटरवरची. डिस्पॅच केबिन.

"काका, रिपोर्टच्या किती खिडक्या उघडल्यात?"

उद्धवराव खाकरले. "असतील दहा-पंधरा. संध्याकाळी घाईत उघडत नाय ना, म्हणून सकाळीच जागा धरून ठेवतो. आता बंद करायला गेलो, तर त्याही हँग!"

हसावं का रडावं? कंपनीच्या बसमध्येही हेच! शिफ्ट सुटायच्या आधीच खिडकीच्या सीटवर यांचा रुमाल.

"मग उडवा ना सगळी एकदम!"

"त्यात सुमनताईंची पण आहेत. त्यांचा माल अडकलाय तिथं."

मग नुसत्या बसलेल्या एकेका कनेक्शनचा नंबर वाचायचा, ते तोडायला टाइप करायचा, एंटर. पुढचा. बाहेर हॉर्न, मानेवर उद्धवरावांचा श्वास. एका ठिकाणी एंटरवर गेलेलं बोट तिनं तसंच मागं घेतलं. शेवटचा आकडा वेगळा होता, तो पॅकिंगचा! खोडलं, पुन्हा वाचलं, बरोबर टाइप केलं. एंटर.

शेडमधून प्रिंटर घरघरला. पाठोपाठ सुमनताईंचा आवाज, "आलं गं बाई, लेबल आलं!"

एकही पेटी उतरवावी लागली नाही, राव. पण ही उठली नाही. आणखी एक ओळ टाइप केली, की कुणी कनेक्शन धरून नुसतं बसलं, तर पाच मिनिटांत आपोआप सुटणार.

"माझ्या खिडक्या पण?" उद्धवराव.

"सगळ्यांच्या."

संध्याकाळी सुमनताईंची अख्खी गँग बसमध्ये, वेळेवर. खिडकीच्या सीटवर तो रुमाल होताच. स्वरूपानं उचलला, नीट घडी घातली, सुमनताईंना तिथं बसवलं आणि मागून चढणाऱ्या उद्धवरावांच्या हातात रुमाल दिला.

"काका, पाच मिनिटं झाली."