तक्रार तशी काही नाही

व्हर्लिन नीगार्डची डावी करंगळी कागदाच्या गिरणीत रोलरमध्ये सापडली, तेव्हा तो फोरमनला म्हणाला, "जरा जाऊन येतो." मग स्वतः गाडी चालवत बत्तीस मैलांवरच्या दवाखान्यात गेला. तिथल्या बाईंनी "दुखतंय का?" विचारलं, तर "कळतंय," एवढंच बोलला. आमच्या उत्तर मिनेसोटात याला कुणी शौर्य म्हणत नाही. शिष्टाचार म्हणतात.

इथे माणसाच्या बोलण्याला दोन टोकं असतात. पोरगं डॉक्टर झालं, तर "वाईट नाही." घर जळलं पण गाडी वाचली, तर "चाललंय." या दोहोंच्या मध्ये सगळं आयुष्य बसवायचं असतं. आम्ही ते बसवतो. मी या गावात सत्तर वर्षं काढली आहेत, त्यातली पंचेचाळीस व्हर्लिनच्या घराशेजारी, आणि त्याला तक्रार करताना मी एकदाच ऐकलं आहे. ती कॉफी गार झाल्याची होती, आणि तीही त्यानं नंतर मागे घेतली.

तर गेल्या नोव्हेंबरात गिरणी बंद पडली. एका मंगळवारी सकाळी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं, डोनट दिले आणि घरी पाठवलं. तीनशे दहा माणसं. व्हर्लिन घरी आला आणि बायकोला, रेनेला म्हणाला, "गॅरेज आवरायला आता वेळ मिळेल."

त्यांची मुलगी कायसा तेव्हा बारावीत होती. गणितात अशी, की तिच्या शिक्षिकेनं फेब्रुवारीतच सांगून टाकलं, "माझ्याकडचं संपलं." दक्षिणेकडे टेकडीवर एक कॉलेज आहे, तिथे गणिताचा विभाग चांगला आणि फी टेकडीपेक्षा उंच. कायसाला तिथे प्रवेश मिळाला. मार्चमध्ये आर्थिक मदतीचं पत्रही आलं. त्यात मोठ्या आनंदानं कळवलं होतं की नीगार्ड कुटुंबाला वर्षाला एकतीस हजार डॉलर सहज भरता येतील.

कॉलेजची चूक नव्हती. मदतीचा सरकारी फॉर्म परवाच्या वर्षाची कमाई विचारतो. सरकारच्या मते माणूस नेहमी दोन वर्षांपूर्वी जगत असतो. आणि परवाच्या वर्षी गिरणीत माणसं कमी, मागणी जास्त. व्हर्लिननं इतके जादा तास भरले होते की रेनेनं त्याचा फोटो फ्रिजवर लावला होता, ओळख राहावी म्हणून.

पण शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी कायसाला सांगितलं की परिस्थिती बदलली असेल तर फेरविचाराचा अर्ज करता येतो. वडिलांनी एक पत्र लिहायचं, काय बदललं ते सांगायचं, कागद जोडायचे. एक मेपर्यंत जागा नक्की करायची असते, त्याच्या आत.

व्हर्लिननं पत्र लिहिलं. एकट्यानं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पाकिटही स्वतःच चिकटवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: "आपलं पत्र मिळालं. आपलं कुटुंब नीट सावरलं आहे हे वाचून आनंद झाला. मदतीची रक्कम आहे तीच ठेवत आहोत."

ते घेऊन कायसा माझ्याकडे आली. सोबत बाबांच्या पत्राची प्रतही होती, तिनं त्यांच्या खणातून काढलेली.

"ऑर्व्हिल, तुम्ही हे वाचा," ती म्हणाली. "आणि हसू नका."

मी वाचलं.

"महोदय, आपण बरे असाल. इकडे हिवाळा नेहमीसारखाच. गिरणी बंद झाली आहे, पण तशी तक्रार काही नाही. मला थोडं बर्फ ओढायचं काम मिळतं. आमच्यापेक्षा वाईट स्थितीत पुष्कळ लोक आहेत. आपल्याकडे शिल्लक पैसे असतील तर ठीक, नसतील तरी ठीक. आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी. व्हर्लिन नीगार्ड."

मी हसलो नाही. मला गहिवरून आलं. आमच्या भागात इतका आक्रोश मी पूर्वी कधी लेखी वाचला नव्हता.

"यात काय चुकलं?" मी विचारलं.

"काय चुकलं? ऑर्व्हिल, यात आमचं बरं चाललंय असं लिहिलंय!"

"कुठे? 'थोडं बर्फ' म्हणजे काहीच काम नाही. 'पुष्कळ लोक' म्हणजे आम्हीच. 'नसतील तरी ठीक' म्हणजे देवा, कर काहीतरी."

"हे तुम्हाला कळतं. मला कळतं. ज्यानं हे वाचलं, त्याला कोण सांगणार?"

पोरीचं खरं होतं. तिनं वही काढली. मी कॉफी ठेवली, रेनेनं कालच दिलेले ओटचे बार काढले, आणि आम्ही तिच्या बाबांच्या पत्राचा अनुवाद करायला बसलो. काय बदललं, कधी बदललं. ज्या गोष्टी तिला माहीत होत्या, तेवढ्याच.

अर्धं पान झालं असेल, तेवढ्यात दारातून व्हर्लिन आला. माझी मासेमारीसाठी गोठलेल्या तळ्यात भोक पाडायची गिरमिट डिसेंबरात नेली होती, ती परत द्यायला. त्यानं वही बघितली, पत्र बघितलं, लेकीकडे बघितलं.

"बसतोस का, कॉफी घे," मी म्हणालो.

तो बसला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आमच्यात हे भांडण समजलं जातं.

"कायसा, परक्या माणसांपुढे रडगाणं गायचं नसतं," शेवटी तो म्हणाला.

"मी रडत नाहीये, बाबा. मी लिहितेय."

"तेच ते."

"मग तुम्हीच वाचा. खोटं काय आहे ते सांगा."

त्यानं चष्मा लावला. वाचता वाचता कपाळावर एक आठी आली. मला वाटलं, आता फाडतो.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"'आरोग्य विमा उन्हाळ्यापर्यंत आहे.' नाहीये. डिसेंबरच्या एकतीसला संपला."

कायसानं मान वर केली. "संपला? मग आईचं ते औषध?"

"अर्धी गोळी घेते ती. वाईट नाही म्हणते. तू ते दुरुस्त कर, चुकीची माहिती द्यायची नाही."

तिनं खोडलं. लिहिलं. हात जरा हळू चालला. व्हर्लिननं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.

"हेही. 'आई दाताच्या डॉक्टरांकडे पूर्ण वेळ काम करते.' तीन दिवस. जानेवारीपासून."

"का?"

"गिरणीचा विमा गेला, लोक दात दाखवायला येत नाहीत. दुखायचे थांबलेले नाहीत, म्हणे."

त्याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य याचं वाटलं की हा माणूस स्वतःचं दुःख सांगायला कधी तयार झाला नसता, पण कागदावरची चूक त्याला सहन होईना. एकवीस वर्षं गिरणीत कागदाची जाडी तपासली होती त्यानं. केसभर फरक दिसला की रीळ बाजूला. मी टेबलाखालून कायसाच्या बुटाला बूट लावला. तिला कळलं होतं आधीच. गणितातली पोर.

"बचत जूनपर्यंत पुरेल," तिनं मोठ्यानं वाचलं, लिहिलेलं नसताना.

"फेब्रुवारीत संपली. निवृत्तीची रक्कम मोडली, त्यावर दंड बसला. तो आकडा आहे माझ्याकडे, नक्की. अंदाजानं लिहू नकोस."

"आणि बेकार भत्ता—"

"मेच्या दहाला शेवटचा हप्ता."

"बरं. मग मालमत्ता." आता ती फॉर्ममधली यादी बघत होती, यात काही डाव नव्हता. "घर. पिकअप. बोट, सोळा फुटी, मोटरसकट."

व्हर्लिन चष्मा काढून शर्टाला पुसू लागला.

"बाबा? बोट काकांच्या कोठारातच आहे ना?"

"ती ओळ काढ."

"का?"

"विकली."

"कधी?"

"जानेवारीत. ग्राहक चांगला होता. लांबून आला होता, दोन लहान मुली होत्या बरोबर."

सहा वर्षांची असल्यापासून कायसा त्या बोटीत पुढच्या बाजूला बसत आली होती. दर जूनच्या पहिल्या शनिवारी बापलेक पहाटे तळ्यावर मासे धरायला जायची. तिनं ती ओळ खोडली. नीट, पट्टी लावून. मग लिहिलं: बोट, विकली, जानेवारी. आणि नाक पुसायला उठून माझ्या बाथरूममध्ये गेली, आणि नळ फार वेळ चालू ठेवला.

"तिला सांगायला हवं होतंस," मी म्हणालो.

"विषयच निघाला नाही," व्हर्लिन म्हणाला.

ती परत आली. दोघांनी शेजारी बसून सगळं पुन्हा केलं. त्यात आता एकही वाक्य नव्हतं, नुसत्या तारखा. गिरणी बंद: अमुक. विमा बंद: अमुक. तास कमी: अमुक. खाली जोडलेल्या कागदांची यादी. व्हर्लिननं तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम घातला, एक काढला.

"यात चूक काही नाही," तो म्हणाला. जरा नाखुशीनंच. शोधत होता बिचारा.

"मग सही?"

"तक्रार नाही ना कुठे यात?"

"एक शब्दही नाही, बाबा. नुसती माहिती."

त्यानं सही केली.

बरोबर नऊ दिवसांनी, दुपारी, नीगार्डांच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. मी तिथेच होतो. रेनेनं हॉटडिश, म्हणजे आमचं ओव्हनमधलं खिमा-बटाट्याचं जेवण केलं होतं, आणि बटाटे वर कुरकुरीत असतील तर मी दुसरीकडे नसतो. तिचे हात ओव्हनमध्ये होते म्हणून कायसानं फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"मिस्टर नीगार्ड? मी मार्वा क्वाम, कॉलेजच्या मदत कार्यालयातून."

"त्रास दिला तुम्हाला," व्हर्लिन म्हणाला.

"नाही हो. तुमची दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. पहिलं आमच्या ॲरिझोनाहून आलेल्या सहकाऱ्यानं वाचलं. त्यानं वर शेरा मारलाय, 'कुटुंब आनंदात'." फोनमधून एक सुस्कारा आला. "मी कॅनडाच्या सरहद्दीजवळची आहे. माझ्या वडिलांना हृदयाचा झटका आला तेव्हा ते म्हणाले, 'जरा टेकतो.' तुमचं पहिलं पत्रच मला पुरलं असतं. पण समितीला तारखा लागतात, आणि दुसऱ्या पत्राइतक्या नेटक्या तारखा मी बारा वर्षांत बघितल्या नाहीत."

व्हर्लिनचे कान लाल झाले.

"आम्ही यंदाच्या कमाईवर हिशोब पुन्हा केला. कायसाचं अनुदान चोवीस हजारांनी वाढतंय. बाकीच्यात थोडं कर्ज, थोडं तिचं कॉलेजातलं काम. जमेल का?"

रेने ओव्हनचं दार उघडंच ठेवून उभी होती. कायसानं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणाला.

"आणखी एक. कायसाचा आरोग्य विमा आमच्या एका निधीतून भरता येईल. घालू का त्यात?"

"नको, नको. एवढं केलंत तेच खूप."

"निधी पडून आहे, मिस्टर नीगार्ड. याच कामासाठी आहे."

"मग जास्त गरज असेल त्याला द्या. आम्ही बघू काहीतरी."

रेनेनं नवऱ्याकडे अशी नजर टाकली की ओव्हनची गरज उरली नव्हती, तो जागीच भाजला असता. पण ती बोलली नाही, आणि मीही नाही. बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण. आमच्याकडे पहिला नकार संस्कारांचा असतो, दुसरा समोरच्याची परीक्षा बघण्याचा. घेणाऱ्यानं तिसऱ्यांदाच हो म्हणायचं. आणि देणाऱ्यानं तिसऱ्यांदा विचारायचं, नाहीतर दोघं आपापल्या घरी जाऊन उपाशी झोपतात. ॲरिझोनात हा फोन इथे संपला असता.

फोनमध्ये कागद सरकवल्याचा आवाज आला. बाई सावकाश काम करत होत्या.

"मिस्टर नीगार्ड," मार्वा क्वाम म्हणाल्या, "विम्याचं घालू का?"

"बरं," व्हर्लिन म्हणाला. "तुमची फारच अडचण होत असेल, तर घाला."

"उपकार झाले," बाई म्हणाल्या, अगदी गंभीरपणे. "दर वर्षी हे पत्र पुन्हा पाठवायचं बरं का. जे बदलेल ते लिहायचं. चांगलं बदललं तरी."

"चांगलंही लिहायचं?" व्हर्लिननं विचारलं. हे त्याला वाईट लिहिण्यापेक्षा अवघड वाटलं असावं.

फोन ठेवला. कायसानं तिथल्या तिथे कॉलेजच्या संकेतस्थळावर जागा नक्की केल्याचं बटण दाबलं, आणि मग रेनेच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली की रडली, ते मला ठरवता आलं नाही. इकडे आम्ही त्यात फरक करायला शिकत नाही. व्हर्लिन उठला. मला वाटलं लेकीला जवळ घेईल. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि कोट चढवला.

"कुठे निघालास? पानं वाढलीत," रेने म्हणाली.

"कॉलेज कधी सुरू होतं?"

"ऑगस्टच्या शेवटी, बाबा. चार महिने आहेत."

"टेकडी आहे म्हणालीस ना," तो म्हणाला. "पिकअपचे ब्रेक बघून ठेवतो."