डोळा नसलेलं पान

लॅटिनराव आमच्या ताईच्या प्रेमात आहेत, हे गल्लीतल्या मांजरालासुद्धा कळलं होतं. फक्त त्यांनी तोंड उघडायचं बाकी होतं. विद्यापीठाच्या संग्रहालयात वाळकी पानं कागदावर चिकटवायची त्यांची नोकरी, त्यात तोंडही चिकटलं असावं. अधूनमधून एक कुंडी घेऊन यायचे, पाटीवर लॅटिनमधलं शास्त्रीय नाव लिहून, म्हणून ते लॅटिनराव. फिलोडेंड्रॉन हेडेरेसियम आलं, आईने त्याचं नाव ठेवलं लोंबकळ्या. अँथुरियम अँड्रियानम आलं, त्याची झाली लालजिभी.

“यांना एकाच आकाराची पानं सापडतात वाटतं,” आई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. पत्त्यातल्या बदामासारखी पानं, एकूण एक!

सगळ्यात पहिली कुंडी मात्र ताईची लाडकी. होया केरी, मातीत खोचलेलं एकच जाड पान. ताईने जीव लावला, पण वर्ष सरलं तरी दुसरं पान फुटेना. तेवढ्यात मावशीने ताईसाठी स्थळ आणलं. मुलगा चांगला होता, हीच पंचाईत. रविवारी मावशी उत्तर घ्यायला येणार होती.

शनिवारी ताई कुंडी उचलून तडक संग्रहालयात गेली. मी शेपटासारखी मागे.

“हे वाढत का नाही?”

लॅटिनरावांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहराच पडला. “याला डोळा नाही. खोडाचा तुकडा नसला की नुसतं पान जगतं, फुटत नाही. वर्षानुवर्षं असंच राहील.”

“माहीत असून दिलंत?”

“नाही हो! घेताना बघितलंच नाही. मी... तुमचाच विचार करत होतो.”

लॅटिनशिवाय एवढं बोलले! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ताई मात्र बधली नाही.

“मला स्थळ आलंय. उद्या होकार द्यायचा की नकार, ते ठरवायचंय,” एवढं बोलून तिने कुंडी टेबलावर ठेवली. घरी येऊन मात्र पोटभर रडली.

रविवारी मावशीच्या आधी लॅटिनराव दारात हजर. हातात होयाची वेल, प्रत्येक डोळ्याला कोवळं पान. पाटीवर शास्त्रीय नाव, त्याखाली ‘प्रचलित नाव’ आणि पुढे कोरी जागा.

“हे तुम्ही लिहा,” ते ताईला म्हणाले. मग घाम पुसून बाबांकडे वळले. “काका, मला हिच्याशी लग्न करायचंय.”

बाबांचा चष्मा नाकावरून घसरला. ताईने पेन घेतलं, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि लाजून आत पळाली.

थोड्या वेळाने मावशी आली. लॅटिनरावांना आणि वेलीला आळीपाळीने न्याहाळत तिने विचारलं, “हे गं काय नवीन?”

आईने पाटी तिच्यासमोर धरली आणि वाचून दाखवलं, “जावई.”