पलीकडचा काठ

"भाऊ, माह्या दारातले लोकं उठवा. मले पान्याले जाचं हाये."

मथुरा रिकामी घागर घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिकडे पडद्यावर अस्वलाची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती आणि खुर्सीपारची सारी मजूरवस्ती पोट धरून हसत होती. अशा वेळी लोकांना उठवणे म्हणजे मार खाणे. मी तिला म्हटले, जरा दम धरा, आत्ता संपते.

मी तेव्हा मजुरांच्या वस्त्यांमधून सिनेमा दाखवत फिरायचो. एक जीप, जनरेटर, प्रोजेक्टर आणि दोन बांबूंना ताणून बांधलेली पांढरी चादर, एवढा माझा संसार. पोलादाचा कारखाना उभा राहत होता. पहिल्या भट्टीतून लोखंड वाहू लागले होते आणि दिवस मावळला तरी अर्धे आभाळ तांबडे असायचे. देशभरातून माणसे आली होती, एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती. धरणांचा माहितीपट लावला की लोक विड्या काढत आणि हे अस्वलाचे कार्टून लावले की सगळे एका वेळी हसत, कारण त्यात कोणी बोलतच नव्हते. अस्वलाचे कुटुंब समुद्रावर सहलीला जाते आणि एकेक गोष्ट बिघडत जाते, एवढीच गोष्ट. खेकडा चटई पळवतो, लाट जेवणाची टोपली नेते. मला ते इतके पाठ झाले होते की मशीन सुरू करून मी दुसरीकडे तोंड करून चहा पीत बसायचो.

मथुरा मात्र कधी बघायला येत नसे. ती रेजा होती, दिवसभर काँक्रीटची घमेली डोक्यावर वाहायची. माहेर, सासर दोन्ही भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, केवलरामला, एका ठेकेदाराने विशाखापट्टणला नेले होते. बोटीतून आलेल्या यंत्रांच्या पेट्या रेल्वेत चढवायचे काम. एका सुटीच्या दिवशी सगळे गडी मौज करायला समुद्रावर गेले. केवलराम हसत हसत पाण्यात शिरला तो बाहेर आलाच नाही. प्रेतही सापडले नाही. सोबतच्यांनी परत येऊन सांगितले, तर मथुरेने त्यांना दारातूनच हाकलले.

तिचा हिशोब सरळ होता. भर पुरात डोक्यावर कपडे बांधून वैनगंगा पार करणारा माणूस आंघोळीला जाऊन बुडेल कसा? तो पलीकडच्या काठाला लागला असणार. मग परत का आला नाही? त्याचे उत्तर वस्तीतल्या जिभांनी तयारच ठेवले होते. तिकडे दुसरी केली असेल. मथुरेला ते पटले. शेजारची सिंधुताई समजवायला गेली की ती म्हणायची, "जित्ता हाये थो. मले टाकून मजेत हाये." टाकलेल्या बाईला काय काय सोसावे लागते ते मी वेगळे सांगायला नको. भैयालाल मुकादमसुद्धा तिच्याशी जरा सैलच बोलायचा.

तर ती घागर घेऊन, कमरेवर हात ठेवून उभी होती आणि सहज तिची नजर चादरीवर गेली.

अस्वल रबरी ट्यूबवर घोरत पडलेले असते. ट्यूब किनाऱ्यापासून हळूच सुटते. चित्र मागे मागे जाते, अस्वल बोराएवढे होते, मग तिळाएवढे, आणि चादरीच्या चारी कडांपर्यंत नुसते निळे पाणी पसरते. अस्वल जागे होते, कपाळावर पंजा धरून सगळीकडे बघते. या ठिकाणी लोक सगळ्यात जास्त हसतात.

मथुरेने घागर खाली ठेवली. काठ कुठे आहे, असे तिने मला विचारले. मी म्हटले, मागे राहिला.

"थो नाई. पल्याडचा."

"पल्याडचा दिसत नाही, बाई."

"चित्र काढनाऱ्यानं काढला नसन."

मशीन शिकायला मुंबईला गेलो होतो तेव्हा मी समुद्र पाहिला होता. त्या दिवशी सोबत्याने हात धरून ओढले तेव्हा कुठे मी तिथून हललो. पुढे हे रीळ दाखवता दाखवता ते सगळे विसरून गेलो होतो. आता आठवले.

"चित्रातला समुद्र लहान हाये," मी म्हणालो. "खरा याच्याहून लय मोठा."

ती म्हणाली, तिथेच थांबवा. मी सांगितले की थांबवता येत नाही, दिव्याने फिल्म जळते. तोवर लाटेने अस्वलाला उचलून किनाऱ्यावर आणून आपटले आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. अस्वल परत आले, आता ही बाई हेच धरून बसेल, असे वाटले. पण तिचे तिकडे लक्षच नव्हते. "पुन्हा लावा," एवढेच ती म्हणाली.

मी रीळ उलटे गुंडाळले आणि पुन्हा लावले. मथुरा पुढे जाऊन मातीत बसली. या वेळी मीही चहा सोडून बघत होतो. पाणी पसरत पसरत चादरभर झाले तेव्हा मथुरेने दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले. तिच्या शेजारच्या बायका हसायच्या थांबल्या. मग त्यांच्या मागच्या. त्या निळ्या पाण्यापुढे अख्खी वस्ती गप्प बसली. हसण्याच्या त्या चित्रात एवढे मोठे काही होते, हे मला आजवर दिसलेच नव्हते.

रीळ संपले. मथुरा उठली नाही. सिंधुताई तिच्याजवळ जाऊन बसली.

"एवढ्या पान्यात केवलराम का करन व?" मथुरा म्हणाली. नवऱ्याचे नाव घ्यायची आमच्या बायकांत रीत नाही. तिने ते सगळ्यांसमोर घेतले. "त्याचा दोष नाई, ताई. थो मले टाकून नाई गेला."

आणि ती रडायला लागली. गावाकडे प्रेताजवळ बसून बायका रडतात तशी, मोठ्याने, त्याचे एकेक गुण सांगत. जिला तिची भाषा कळत होती ती आणि जिला कळत नव्हती ती, सगळ्या बायका सरकून तिच्याभोवती बसल्या. भैयालाल मुकादम मागे खाटेवर बसला होता, तो उठून उभा राहिला.

मी जनरेटर बंद केला. तिचे रडणे शेवटच्या झोपडीपर्यंत नीट ऐकू जावे, असे मला वाटले.