सतरा नंबरला गप्प

धनेशने एसी अठ्ठावीसवर नेला आणि रिमोट फायलींखाली सरकवला. पंधरा मिनिटांत शेजारच्या ओळीतली दोन माणसं उठून पंख्याखाली गेली. केतनने मात्र जाकीट काढलं नाही. चेन तेवढी खाली घेतली, दोन बोटं.

जाकिटाच्या पाठीवर मंडळाचं बोधचिन्ह होतं. चाळीस कंपन्या मिळून मोबाइलच्या कीबोर्डचे नियम ठरवतात, ते मंडळ. काय टाइप केल्यावर काय उमटावं हे तिथे ठरतं आणि सगळ्या फोनना ते पाळावं लागतं. महापेतल्या त्यांच्या कंपनीला यंदा तिथे एक खुर्ची मिळाली. ती केतनला गेली. धनेश पर्यायी सदस्य झाला. सदस्याला जाकीट आलं, पर्यायी सदस्याला स्टिकर. तो धनेशने डब्याला लावला. डबा धुता धुता त्यावरचं 'सदस्य' पुसलं गेलं, 'पर्यायी' राहिलं.

दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते. मराठी शब्दांची यादी धनेशने दोन वर्षं खपून केली होती. केतनला बोलता चांगलं यायचं, एवढंच. आणि ते घरीसुद्धा चालायचं. गेल्या महिन्यात केतन 'काकी, काकी' करत धनेशकडे जुईनगरला जेवायला आला, तर आईने घोळ माशाची मधली तुकडी त्याला वाढली आणि शेपटी धनेशला. वर फोन घेऊन केतनच्याच शेजारी बसली.

"केतन, या फोनला काय रोग झालाय बग. मी लिवतंय 'बाबा घरा हाय', त यो 'हाय' खातंय न् टाटा करतंय."

फोनला वाटायचं, बाई इंग्रजीत 'हाय' म्हणतायत. शब्द जायचा, हलणारा हात यायचा. 'मावशी आयसीयूत हाय' असं तिने कळवलं होतं, तेव्हा नावड्याहून तिघे नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत आले होते. धनेशने हे शंभरदा ऐकलं होतं. तो शेपटीतले काटे काढत राहिला.

गुरुवारी मंडळाची ऑनलाइन बैठक होती आणि त्याच दिवशी केतनच्या बहिणीची हळद. निघताना केतनने जाकीट खुर्चीला अडकवलं.

"सतरा नंबरला फक्त गप्प राहा. कोणी आक्षेप घेतला नाही की पास होतं."

"गप्प राहायला मला ठेवलंय?"

"वाचून घे रे धन्या. तुला आवडेल."

धनेशने वाचलं नाही.

बैठकीत सोळा मुद्दे झाले. अध्यक्षबाईंनी त्याला दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा 'पर्यायी' म्हणून. मग सतरावा आला: भारतीय भाषांसाठी दुरुस्ती, मांडणारा केतन. केतनचं नाव बाईंनी अगदी स्वच्छ उच्चारलं. जाकीट खुर्चीवर पाठ करून बसलं होतं. धनेशने माइक चालू केला.

"आक्षेप आहे."

स्क्रीनवरचे सगळे चौकोन वर बघू लागले. एका चौकोनात सफरचंद खाणं थांबलं. बाईंनी विचारलं, स्वतःच्याच कंपनीच्या मुद्द्यावर? धनेश म्हणाला, अधिक अभ्यासाची गरज आहे. मंडळात या वाक्याला कोणी नाही म्हणत नाही. मुद्दा वर्षभर पुढे गेला. इतिवृत्तात धनेशचं नाव लागलं, स्पेलिंग न चुकता.

आक्षेपाचं कारण लेखी द्यायचं असतं. त्यासाठी त्याने सतरावा मुद्दा उघडला, पहिल्यांदाच.

'हाय' या शब्दाच्या जागी हलणारा हात आणू नये. खाडीकाठच्या गावांत 'हाय' म्हणजे 'आहे'. उदाहरण: बाबा घरा हाय. माहिती देणार: चांगुणाबाई, जुईनगर. शब्दयादी: धनेश.

त्याने फायलींखालून रिमोट काढला. थोडा वेळ हातात धरला आणि परत तिथेच ठेवला. कारणाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता.

तेवढ्यात केतनचा मेसेज आला. सोबत फोटो, गालभर हळद. 'सतराला आक्षेप नाय ना कोनाचा?'

धनेशने बराच वेळ काही लिहिलं, खोडलं. शेवटी जे खरं होतं ते एका शब्दात लिहिलं.

हाय.

शब्द गेला, हात आला. पिवळा, हसऱ्या माणसासारखा हलणारा. धनेश त्याच्याकडे बघत राहिला. खोडता आला असता. त्याने पाठवला.

पलीकडून केतनने लगेच हात हलवला. खाली लिहिलं होतं, 'काकीला सांग.'