फियाटमधली खटखट

तीनदा इंजिन खोललं, तरी गिरधरनानांच्या जुन्या फियाटमधली खटखट जाईना. फैजपूरच्या खड्ड्यांत वाजायची आणि जळगावला हनीफच्या गॅरेजात आली की गरीब गाय. “हनीफला आता काम जमत नाही,” असं नाना चारचौघांत बोलल्याचं कानावर आलं, तेव्हा मात्र हनीफचं डोकं फिरलं. न कळवता तो थेट नानांच्या दारात गेला आणि त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं.

“थांबा, हनीफभाई!” नानांच्या पत्नी पुष्पाबाई ओट्यावरून धावत आल्या.

बॉनेटच्या आतून, बरोबर इंजिनावर, काळ्या दोऱ्यानं बांधलेला घोड्याचा नाल लोंबत होता.

“दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय,” त्या खाली बघत म्हणाल्या. “तुमच्याकडे गाडी निघाली की मी काढून ठेवते. पूजेचा आहे ना, तुमचा हात लागायला नको.”

हनीफनं नाल हातात घेऊन उलटा केला. मागे शेजारी शेजारी तीन टिंबं ठोकलेली होती. त्यानं त्यांवरून अंगठा फिरवला.

“अक्का, माझे अब्बा नालबंद होते. ही त्यांची खूण,” तो म्हणाला. “आता सांगा, काढू की राहू देऊ?”