फक्त पट्टा

गाडी एका अंगाने जॅकवर उचललेली होती. पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. चाकाच्या रिकाम्या जागेतून इंजिनाची कड उघडी पडली होती आणि मिस्त्री टॉर्च तोंडात धरून तिथे वाकला होता. अप्पा त्याच्या अगदी जवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, खांद्यावरून शाल. माई त्यांच्या मागे उभी होती. तिला बसवत नव्हतं.

खरं तर अप्पांना घरीच ठेवून यायचं तिने ठरवलं होतं. पण गाडीच्या बाबतीत अप्पा कुणाचं ऐकतील तर शपथ. जन्मभर फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान चालवलेला माणूस. स्वतः काच कापत असताना कुणी ब्र काढलेला खपायचा नाही, पण दुसऱ्याच्या कामात मान घातल्याशिवाय चैनही पडायचं नाही. अंगात त्राण उरलं नव्हतं, खोलीतून दारापर्यंत आले की धाप लागायची, तरी सकाळी बूट घालून तयार. मिस्त्री मला बघून काम करतो आणि तुला बघून चहा मागवतो, म्हणाले. माई हसली. आताशा ती त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर हसायची.

महिन्यापूर्वी मोठ्या डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. अप्पा बाहेर बाकावर शेजारच्या पेशंटशी गप्पा मारत बसले होते. डॉक्टर सावकाश बोलले, समजुतीने बोलले. पण सगळ्याचा अर्थ एवढाच होता की पुढचा उन्हाळा अप्पांना दिसायचा नाही. माई चष्मा पुसत बाहेर आली. काय म्हणाले, असं अप्पांनी विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं की औषध लागू पडतंय, थोडा दम धरा म्हणाले.

देवापुढे बसल्यावर आठवून मान खाली घालावी लागेल असं ती आजवर कधी बोलली नव्हती. त्या दिवसापासून रोज हात जोडले की ती एकच मागायची. आयुष्य वाढवून मागायचा धीर तिला होत नव्हता. यांना कळू देऊ नकोस, एवढंच. आणि सगळा भार देवावर न टाकता स्वतःही राबायची. पुढच्या वर्षी लेकीकडे महिनाभर राहून येऊ म्हणायची, गच्चीला रंग काढू म्हणायची. अप्पा हो ला हो करायचे. ते मनापासून हो म्हणतात की तिचं मन राखतात, याचा मात्र तिला थांग लागत नव्हता. रात्री त्यांच्या पाठीकडे बघत ती तेच चाचपत पडायची.

मिस्त्रीने टायमिंग बेल्ट सोडवून बाहेर काढला आणि अप्पांच्या हातात दिला. काळा, दातेरी पट्टा. उलटा वाकवला की पाठीवर बारीक बारीक चिरा दिसत होत्या. "वेळेवर आलात," मिस्त्री म्हणाला. "चालत्या गाडीत तुटला असता तर आतलं सगळं एकमेकांवर आपटून इंजिनाचा खुळखुळा झाला असता."

मग त्याने हात पुसले. गिऱ्हाइकाला काय काय बदलू असं तो कधी विचारत नसे. त्याचा प्रश्न ठरलेला होता, पण आजही तो येणार हे माईच्या ध्यानात आलं नव्हतं.

"गाडी अजून किती वर्षं ठेवायची, तेवढं सांगा," तो म्हणाला. "लवकर विकणार असाल तर पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर घालू, भागेल. पाच-सहा वर्षं चालवायची असेल तर पंप, रोलर, सील, सगळं आताच घालू. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो. नंतर गेला तर हेच सगळं पुन्हा खोलायला लागेल."

ही गाडी आता इस्पितळाखेरीज कुठे जात नव्हती. पाच-सहा वर्षं म्हणावं, हसून म्हणावं, म्हणून माईने तोंड उघडलं. तेवढ्यात अप्पाच बोलले.

"फक्त पट्टा. आणि त्याचा तो टेन्शनर. पंपाला हात लावू नकोस."

मिस्त्रीने पंपाखाली टॉर्च धरला. पाणी झिरपून वाळल्याची एक गुलबट रेघ तिथे उतरली होती. "पाझरायला लागलाय, अप्पा. म्हणजे आज नाही जायचा. काढेल वर्षभर."

"वर्ष ना?" अप्पा त्या रेघेकडे बघत म्हणाले. "वर्ष पुष्कळ झालं."

माईने अप्पांकडे पाहिलं. म्हणजे यांना ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे, आणि हे महिनाभर माझ्यासाठी माना डोलावतायत. आपण ज्याला सांभाळतोय तोच आपल्याला सांभाळत होता. एवढ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा ते तोंडातून काढलं, तेही पंपाच्या आडून. आता पाच-सहा वर्षांचं घोडं पुढे दामटायचं म्हणजे त्यांचा अपमानच की. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं. फक्त पट्टाच बदलू या."

मिस्त्रीने चमकून वर पाहिलं आणि तो हसायला लागला.

"माई, आज सूर्य कुठल्या बाजूने उगवला? अहो, मी पंप आणून ठेवलाय. म्हटलं, अप्पा नको म्हणणार, तुम्ही त्यांना गप्प बसवून सगळं घालायला लावणार, आणि ते कुरकुरत हो म्हणणार. नेहमीचंच."

नेहमीचंच होतं. संसारात कधी काही दुरुस्तीला निघालं आणि हे झालं नाही असं घडलंच नव्हतं. नळ असो, कपाटाची बिजागरी असो, चालतंय ते चालू दे म्हणायचं ते अप्पांनी, आणि उघडलंय तर सगळंच करून घ्या म्हणायचं ते माईने. वर्ष पुष्कळ झालं, हेही त्यांचं जुनंच पालुपद. तिच्या चष्म्याची काडी मोडली तेव्हासुद्धा तिला दोरा बांधून देत ते हेच म्हणाले होते.

माईचा हात त्यांच्या खांद्यावरच राहिला. अप्पा मान वळवून तिच्याकडे बघत होते. ओठांवर अजून थोडी गंमत होती; आता ही काय बोलते त्यावर काय टोला द्यायचा, याची तयारी होती. ती गंमत ओठांवर वाट बघत राहिली आणि मग हळूहळू निवली. डोळे मात्र तिच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत.

"नाही हो, मी आपलं सहज," माई घाईने म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पंप घालाच. उघडलंय तर सगळंच करून घ्या. पाच-सहा वर्षं ठेवायचीय आम्हाला गाडी."

"हे शोभलं," मिस्त्री म्हणाला आणि खोकं आणायला वळला. वळता वळता त्याने अप्पांना चिमटा काढला, की आता होऊ द्या तुमची कुरकुर.

"घाल," अप्पा म्हणाले. "ती म्हणते तर घाल."

मग त्यांनी तो जुना पट्टा मांडीवरून उचलून खाली ठेवला आणि काम होईपर्यंत एकदाही इंजिनाकडे मान वळवली नाही. नवा पंप बसला, रोलर बसला, सील बसलं. मिस्त्रीने गाडी चालू करून आवाज ऐकायला बोलावलं तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरूनच छान म्हटलं.

येताना माई गाडी चालवत होती. इंजिन इतकं हलकं चालत होतं की चालू आहे की नाही कळू नये. चौकात लाल दिव्यापाशी थांबल्यावर अप्पांनी विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले. माईने सांगितलं. समोर बघत, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, जसं तिला सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं.

"मला या महिन्यात जरा बरं वाटायला लागलं होतं गं," अप्पा म्हणाले.

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि माईला काही केल्या गिअर सापडेना.